नोटीस लागलेलं गाव

इतिहासाची साधनं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, शिलालेख येतात, मोडीतली दफ्तरं येतात. ही साधनं टिकली ती बरीचशी स्वतःच्या चिवटपणामुळे. शिलालेख कुणी वाचला नाही म्हणून पुसला जात नाही. कागदांचा रुमाल माळ्यावर विसरला गेला, तरी वाळवीच्या तावडीतून सुटलेली पानं शंभर वर्षांनी वाचता येतात. म्हणजे विसरून जाणं हीसुद्धा आपल्याकडे जपण्याची एक रीत होती! संगणकावरच्या मजकुराचं तसं नाही. कुणीतरी विजेचं बिल भरतंय, जागेचं भाडं देतंय, बिघडलेली यंत्रं बदलतंय, तोवरच तो असतो. भरणारा थांबला की मजकूर गेला. मागे राखसुद्धा उरत नाही.

याचा सगळ्यात बोलका दाखला खुद्द वेबच्या जन्मकथेतच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबचं पहिलं पान तयार केलं आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला खुलं झालं. ते पान पहिल्या दिवशी नेमकं कसं होतं, हे आज दाखवता येत नाही. कारण त्यात रोज बदल होत गेले आणि जुनी प्रत ठेवावी असं कुणाच्या मनात आलं नाही. 'सर्न'च्या हाती जी जुनी प्रत लागली ती १९९२ ची. तीच २०१३ मध्ये 'सर्न'नं मूळ पत्त्यावर पुन्हा मांडली. ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आपल्याजवळ नाही, हे समजण्यासारखं आहे. मधे सातशे वर्षं गेली. इथे तर एक वर्षही जावं लागलं नाही.

तेव्हापासून आजवर काय घडत आलं, याचा एक आकडा सांगतो आणि आकडेवारी बाजूला ठेवतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली वेबवर असलेल्या पानांचा एक नमुना त्यांनी घेतला, तर त्यातली ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर उघडत नव्हती.

मला आज बोलायचं आहे ते अशा पानांच्या एका मोठ्या गावाविषयी आणि ते बुडताना धावून आलेल्या माणसांविषयी. गावाचं नाव जिओसिटीज.

१९९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड बोनेट यांनी एक छोटी कंपनी काढली. सुरुवातीचं नाव होतं बेव्हर्ली हिल्स इंटरनेट. त्या काळी वेबवर स्वतःचं पान असणं ही विद्यापीठांची, मोठ्या कंपन्यांची आणि संगणक कोळून प्यालेल्या तरुणांची मिरास होती. बोनेट यांची कल्पना अशी की कुणालाही फुकट जागा द्यावी, सुरुवातीला दोन मेगाबाइट, आणि त्यानं तिथे हवं ते मांडावं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून मोठा असतो. पण मजकूर लिहिणाऱ्याला दोन मेगाबाइट म्हणजे दोनचार कादंबऱ्यांची जागा.

खरी गंमत त्या गावाच्या रचनेत होती. जागा घेताना आधी आळी निवडायची. चित्रपटांविषयी लिहिणाऱ्यांसाठी हॉलिवूड, संगणकवाल्यांसाठी सिलिकॉन व्हॅली, तत्त्वज्ञान आणि शिक्षणासाठी अथेन्स, विज्ञानकथा आणि उडत्या तबकड्यांसाठी एरिया ५१, घर-संसार, गाव, मांजरी-कुत्री यांसाठी हार्टलँड, आरोग्यासाठी हॉट स्प्रिंग्ज, मुलांसाठी एन्चँटेड फॉरेस्ट. समलिंगी स्त्री-पुरुषांची वस्ती वेस्ट हॉलिवूडमध्ये होती. आळी निवडली की चार आकडी घरक्रमांक मिळायचा. तिथल्या रहिवाशांना 'होमस्टेडर' म्हणत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी सरकारनं पडीक जमिनी फुकट वाटल्या, तेव्हा त्या कसायला आलेल्यांसाठी हा शब्द होता. नव्या बिऱ्हाडाला पान कसं बांधायचं ते शिकवायला शेजारचेच काही जण विनामोबदला पुढे येत. त्यांना कंपनीनं 'कम्युनिटी लीडर' असा हुद्दा दिला होता. पगार मात्र नव्हता.

ज्यांनी ती पानं पाहिली असतील त्यांना आठवेल. काळ्या आभाळावर चांदण्या, त्यावर पिवळ्याधमक अक्षरांत मजकूर, मधूनच उघडझाप करणारी ओळ, पान उघडताच न विचारता वाजू लागणारी पेटीसारखी धून, आजवर किती जण येऊन गेले ते सांगणारा आकडा, खाली अभिप्रायाची वही. आणि जवळजवळ प्रत्येक दुसऱ्या पानावर रस्त्याच्या कामाची पाटी, फावडं मारणारा माणूस, 'काम चालू आहे'. ते काम सहसा कधीच पूर्ण होत नसे. चित्रकलेच्या शिक्षकानं पाहिलं असतं तर कपाळावर हात मारला असता. पण पहिल्यांदाच घर बांधणारा माणूस भिंतीला जो रंग देतो, तो वास्तुविशारदाला विचारून देत नाही.

१९९९ च्या जानेवारीत याहू या कंपनीनं हे गाव विकत घेण्याचं जाहीर केलं. किंमत साडेतीन अब्ज डॉलरच्या वर, शेअरच्या रूपात. जमिनीची किंमत कशामुळे वाढली? लक्षावधी लोकांनी फुकट घाम गाळून त्यावर घरं बांधली म्हणून. त्याच उन्हाळ्यात याहूनं नवे नियम लावले. रहिवाशांनी मांडलेल्या मजकुरावर कंपनीचा हक्क राहील असा त्यांचा अर्थ निघत होता. लोक खवळले. अनेकांनी निषेध म्हणून आपल्या पानांवरचे रंग आणि चित्रं काढून ती करडी करून ठेवली. काही दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली. या गावातली माणसं नुसती भाडेकरू नव्हती, हे त्या वेळी दिसलं.

पुढे जे झालं ते झपाट्यानं सांगता येईल. ब्लॉग आले, मायस्पेस आलं, फेसबुक आलं, लोक तिकडे गेले. याहूचेही दिवस फिरले. २००९ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं जाहीर केलं की जिओसिटीजवर नवी जागा मिळणार नाही आणि वर्षअखेरीच्या आत ते बंद होईल. नंतर तारीख ठरली, २६ ऑक्टोबर २००९.

धरणाखाली जाणाऱ्या गावाला नोटीस लागते, तशी ही नोटीस. आपलं सामान उचला, हवं तर पैसे भरून आमच्याच दुसऱ्या जागेत या. कागदावर यात गैर काही नव्हतं. पण ही नोटीस जायची कुठे? दहा-बारा वर्षांपूर्वी नोंदवलेल्या ईमेल पत्त्यांवर. ते पत्ते कित्येकांनी केव्हाच सोडले होते. काही जण परवलीचा शब्द विसरले होते. आणि काही जण हयातच नव्हते. मेलेल्या माणसाला घर रिकामं करायला सांगून उपयोग काय?

इथे जेसन स्कॉट या माणसाची ओळख करून द्यायला हवी. वेबच्याही आधी, टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडून निरोप टाकायची जी व्यवस्था होती, तिच्यावर त्यानं २००५ मध्ये एक दीर्घ माहितीपट केला. त्या काळातल्या मजकुराच्या फाइली तो १९९८ पासून एका ठिकाणी जमवतो आहे. स्वभावानं तिखट, जिभेला हाड नाही, सभ्य वृत्तपत्रात छापता येणार नाही अशा भाषेत बोलणारा. २००८ च्या शरद ऋतूत एओएल या कंपनीनं 'होमटाउन' नावाची अशीच एक फुकट वस्ती सुमारे महिन्याभराच्या सूचनेवर मोडून टाकली. स्कॉट संतापला. घरातून माणसाला बाहेर काढायचं असेल तर कायदा मुदत देतो, सुनावणी देतो. इथे काहीच नाही, असं त्याचं म्हणणं. नुसतं लिहून तो थांबला नाही. २००९ च्या सुरुवातीला त्यानं आणि काही समविचारी मंडळींनी 'आर्काइव्ह टीम' उभी केली. तिला कार्यालय नव्हतं, सभासद वर्गणी नव्हती, अध्यक्ष-सचिव नव्हते. ज्याच्याकडे संगणक, थोडी मोकळी जागा आणि रात्रीचा वेळ आहे, तो सभासद.

तीनचार महिन्यांतच जिओसिटीजची बातमी आली.

काम वरवर पाहता सोपं होतं. प्रत्येक पान उघडायचं, त्याची हुबेहूब प्रत उतरवायची, पुढच्या पानाकडे जायचं. हे हातानं नाही, त्यासाठी प्रोग्राम असतात. पण पानांची यादी कुठे होती? जुन्या आळ्यांना घरक्रमांक होते, तिथे निदान क्रमानं दारं ठोठावत जाता येत होतं. याहूच्या काळात आलेल्यांच्या पत्त्यात नुसतं मालकानं घेतलेलं नाव असे. अशा घराचा माग दुसऱ्या कुणाच्या पानावरच्या दुव्यावरूनच लागायचा. म्हणजे शेजाऱ्यानं शेजाऱ्याची आठवण ठेवली असेल तरच तो सापडायचा. त्यात प्रत्येक पानाला तासाला ठरावीकच मजकूर पाठवायची मर्यादा होती. ती ओलांडली की दार बंद, तासाभरानं परत या.

वेगवेगळ्या देशांतले, एकमेकांना न पाहिलेले लोक सहा महिने हे करत होते. ते एकटेही नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेनं आपल्या परीनं मोठी मोहीम काढली, आणखीही काही जणांनी स्वतंत्रपणे प्रती केल्या. २६ ऑक्टोबर आला, आणि गाव बंद झालं. फक्त जपानमधली जिओसिटीज पुढे दहा वर्षं चालली आणि ३१ मार्च २०१९ ला तीही मिटली.

आर्काइव्ह टीमनं आपला ऐवज २०१० मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. दाबून, घड्या घालून तो भरला सुमारे साडेसहाशे गिगाबाइट. आज खिशात मावणाऱ्या डबीत तो राहतो. एवढ्या डबीभर जागेचं ओझं अब्जावधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला झालं होतं, हे लक्षात आलं की मन विषण्ण होतं. जागेचा प्रश्न नव्हताच. त्या पानांतून पैसे सुटत नव्हते, एवढंच.

सगळं वाचलं नाही. जे वाचलं त्यात काय होतं, हे पाहायला काही माणसं पुढे आली. ऑलिया लियालिना ही रशियात जन्मलेली, जर्मनीत शिकवणारी कलावंत आणि तिचा सहकारी ड्रॅगन एस्पेनशीड यांनी ही सगळी गाठोडी सोडवली. ती पानं त्या काळच्या ब्राउझरमध्ये जशी दिसली असती तशी उघडून त्यांची चित्रं घेण्याची व्यवस्था केली आणि २०१३ पासून दर वीस मिनिटांना एक पान याप्रमाणे जगापुढे मांडायला सुरुवात केली. जेसन स्कॉटनं त्या 'काम चालू आहे'च्या शेकडो पाट्या एका पानावर एकत्र आणल्या. शेकडो छोटे कामगार एकाच वेळी फावडी मारताना दिसतात. हसू येतं, आणि मग जरा वेळानं येत नाही.

त्या पानांत शाळकरी मुलांनी आवडत्या नटीविषयी लिहिलेलं होतं. निवृत्त माणसांनी शोधलेल्या वंशावळी होत्या. युद्धावर गेलेल्यांच्या आठवणी होत्या. दुर्मीळ आजार झालेल्यांनी, डॉक्टरांनी न सांगितलेलं एकमेकांना सांगितलेलं होतं. जन्मून थोड्याच दिवसांत गेलेल्या बाळांसाठी आईबापांनी केलेली पानं होती, वर मेणबत्तीचं हलणारं चित्र आणि खाली अनोळखी माणसांनी वहीत लिहिलेले दोन शब्द. आणि कविता होत्या. भरपूर होत्या. मी या धंद्यातला माणूस आहे, म्हणून सांगतो, त्यातल्या बहुतेक कविता संपादकाच्या टेबलावरून साभार परत गेल्या असत्या, आणि ते योग्यही झालं असतं. पण इतिहासकार हा संपादक नाही. लोक कशासाठी कवितेकडे वळत होते, कुणाच्या मरणानंतर, कुठल्या प्रेमभंगानंतर, हे त्याला चांगल्या कवितेइतकंच वाईट कवितेतूनही कळतं. कदाचित जास्तच कळतं.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले इयन मिलिगन हे इतिहासाचे प्राध्यापक जिओसिटीजच्या या साठ्यावर काम करतात. त्यांनी केलेली एक तुलना मला फार मोलाची वाटते. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातले १६७४ ते १९१३ पर्यंतचे सुमारे दोन लाख खटले आज संगणकावर वाचता येतात. सामान्य, गरीब माणसांच्या जगण्याविषयीचं ते जगातलं एक सर्वांत मोठं छापील साधन मानलं जातं. जिओसिटीजवर रहिवाशांनी केलेली पानं काही कोटींच्या घरात होती. मिलिगन संख्येकडे लक्ष वेधतात. मला त्याहून मोठा फरक दिसतो तो असा की ओल्ड बेलीत सामान्य माणूस आला तो आरोपी म्हणून, फिर्यादी म्हणून, साक्षीदार म्हणून. विचारलं तेवढंच बोलला, आणि तेही कारकुनानं लिहिलं तसं. आपल्याकडेही कुळकर्ण्याच्या दप्तरात शेतकरी दिसतो तो साऱ्याच्या बाकीपुरता. जिओसिटीजवरचा माणूस कुणी न बोलावता, स्वतःच्या हातानं, स्वतःला वाटलं ते लिहीत होता. असा माणूस इतिहासाच्या साधनांत या संख्येनं पहिल्यांदाच येत होता, आणि आल्या आल्या त्याला बाहेर काढायची वेळ आली होती.

आता यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. हे सगळं जपा असं त्या लोकांनी कुठे म्हटलं होतं? पंधराव्या वर्षी लिहिलेला वेडेपणा पस्तिसाव्या वर्षी कुणी उकरून काढावा असं कुणाला वाटेल? वेस्ट हॉलिवूडच्या आळीत टोपणनावानं मन मोकळं करणाऱ्या माणसाला ते गाव बुडालं म्हणून कदाचित सुटल्यासारखंही वाटलं असेल. वेबवर एक जुना रिवाज आहे. आपल्या पानांची यांत्रिक नक्कल नको असेल तर मालक दारावर तशी छोटी सूचना लावून ठेवतो. आर्काइव्ह टीम ती सूचना मुद्दाम मानत नाही. त्यांचं म्हणणं, दारावर पाटी लावणारा आणि घर पाडणारा बहुतेक वेळा एकच असतो, आणि तो घरात राहणारा नसतो.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं, पण माझा कौल त्या मंडळींच्या बाजूनं आहे. जपणं आणि दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत जनगणनेतली माणसागणिक माहिती ७२ वर्षं बंद ठेवतात. १९५० ची नोंद २०२२ मध्ये खुली झाली. ती जाळून टाकली असती तर हा प्रश्नच उरला नसता, पण मग खुलं करायलाही काही उरलं नसतं. आग लागलेल्या घरातून सामान काढताना कुणाची पत्रं आणि कुणाचे हिशेब असं निवडत बसता येत नाही. अंगणात आणून ठेवल्यावर मात्र कुणाची पत्रं कुणी वाचायची, याचा विचार करायलाच हवा. मालकानं मागितलं तर त्याचं पान काढून घेण्याची सोयही हवी. हा दुसरा विचार या चळवळीत पहिल्याइतका झाला आहे, असं मला वाटत नाही.

वर इंटरनेट आर्काइव्हचं नाव आलं. ब्रूस्टर काहल यांनी ही ना-नफा संस्था १९९६ मध्ये स्थापन केली. तिची 'वेबॅक मशीन' ही सेवा २००१ पासून सर्वांसाठी खुली आहे. पत्ता टाका, तारीख निवडा, त्या दिवशी ते पान कसं होतं ते दिसतं. संस्थेचं बिऱ्हाड एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. प्रार्थनेच्या मोठ्या दालनात संगणकांची कपाटं उभी आहेत, कुणी काही उघडलं की त्यांवरचे बारीक दिवे लुकलुकतात. तिथे काही वर्षं काम केलेल्यांचे लहान मुलाएवढे मातीचे पुतळे बाकांच्या कडेला उभे करून ठेवले आहेत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये या संस्थेनं एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. त्याच्या बरोबर वर्षभर आधी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, तिच्यावर मोठा हल्ला झाला. तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद पडलं. पुस्तक प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात ती त्याच वर्षी अपिलातही हरली होती. जगाची स्मरणवही बव्हंशी एका संस्थेच्या भरवशावर आहे, हे त्या दिवसांत पुष्कळांना पहिल्यांदा जाणवलं.

आर्काइव्ह टीमचं काम जिओसिटीजवर थांबलं नाही. पुढे त्यांनी 'वॉरियर' नावाचा एक छोटा प्रोग्राम केला. तो आपल्या संगणकावर चालू ठेवायचा. मध्यवर्ती यंत्र त्याला चार पत्ते देतं, तो ती पानं उतरवून पाठवतो आणि पुढचे चार मागतो. संगणकाचं फारसं ज्ञान नसलेलाही यात हात लावू शकतो. फ्रेंडस्टर, गूगल व्हिडिओ, पोस्टरस, गूगल प्लस अशी एकेक नोटीस येत गेली आणि मंडळी धावत गेली. २०१९ मध्ये याहूनं आपले 'ग्रुप' पुसायला काढले. तेव्हा तर मजकूर उतरवून घेणाऱ्या स्वयंसेवकांची खातीच ऐन मुदतीच्या तोंडावर बंद केली गेली.

आणि २०२२ मध्ये नोटीसही न देता संकट आलं. रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा तिथल्या ग्रंथालयांचे, संग्रहालयांचे, दफ्तरखान्यांचे संगणक ज्या इमारतींत होते, त्या इमारतीच तोफांच्या तोंडी आल्या. ग्रंथपाल आणि अभ्यासकांनी काही दिवसांत एक गट उभा केला. तेराशेहून अधिक स्वयंसेवक त्यात आले, पाच हजारांहून जास्त संकेतस्थळांच्या प्रती त्यांनी देशाबाहेर नेऊन ठेवल्या. कुठल्या शहरावर हल्ल्याचा भोंगा वाजतो आहे ते पाहून त्या शहराची संकेतस्थळं आधी घेतली जात. खार्किवच्या सरकारी दफ्तरखान्याचं संकेतस्थळ उतरवून झालं आणि थोड्याच वेळात ते बंद पडलं.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल तर ऑर्कुटची आठवण करून देतो. २००४ मध्ये गूगलनं सुरू केलेलं हे ठिकाण जगात सर्वांत जास्त रुजलं ते ब्राझीलमध्ये आणि भारतात. आपल्याकडची एक अख्खी पिढी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तिथे बसत होती. एकमेकांच्या वहीत 'स्क्रॅप' टाकत होती, मित्राविषयी 'टेस्टिमोनिअल' लिहीत होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. खुल्या समूहांतला मजकूर काही काळ नुसता वाचण्यापुरता ठेवला होता, २०१७ मध्ये तोही काढला.

ऑर्कुटमध्ये केवळ पोरखेळ नव्हता. महाराष्ट्रातल्या त्या वर्षांच्या सामाजिक इतिहासाचा एक धागा तिथून जातो. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुरावरून २००६ मध्ये पुण्यात सायबर कॅफे फोडले गेले. २००७ मध्ये अशाच मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. पुढे उघड झालं की इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं पोलिसांना दिलेला पत्ताच चुकीचा होता. तोवर त्या निरपराध माणसाचे सुमारे पन्नास दिवस तुरुंगात गेले होते. उद्या कुणाला या घटनांवर अभ्यास करायचा झाला, तर वृत्तपत्रांतल्या बातम्या मिळतील, न्यायालयाचे कागद मिळतील. पण तो मजकूर कुठे होता, त्याखाली लोक काय म्हणत होते, कोण समजावत होतं, कोण चिथावत होतं, हे ज्या जागी घडलं ती जागाच आता नाही. पेटलेल्या माणसांची नोंद राहिली, समजावणाऱ्यांची गेली. समजावणारेही होते, असतातच. त्यांची बातमी होत नाही एवढंच.

आपल्या मराठीच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे आणि ती परदेशातले स्वयंसेवक आपल्यासाठी सोडवू शकणार नाहीत. युनिकोड रुळण्यापूर्वी, म्हणजे साधारण २००५-०६ पर्यंत, मराठी संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरत. छपाईसाठी केलेले हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवून बनवलेले असत. कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी काना, कुठल्या जागी अर्धा 'त', हे प्रत्येक कंपनीनं आपल्या मनानं ठरवलं होतं. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच; वर मराठीचा मुखवटा, आत इंग्रजी अक्षरांचा कालवा. आज वेबॅक मशीनवर त्या काळातलं एखादं मराठी वृत्तपत्र उघडलं तर बऱ्याचदा नेमका हा कालवाच दिसतो. पान वाचलं आहे, पण वाचता येत नाही. मोडीसारखं झालं, फक्त शे-दोनशे वर्षांऐवजी वीस वर्षांत.

मोडी वाचायला शिकता येते, तसं हेही सुटतं. कोणता फॉन्ट होता ते कळलं आणि त्याची अक्षरांची मांडणी हाती आली, की सगळा मजकूर युनिकोडमध्ये उतरवता येतो. काही फॉन्टसाठी हौशी मंडळींनी तशी साधनं केलीही आहेत, आणि ती फुकट मिळतात. उरलेल्यांसाठी मूळ फॉन्ट लागेल. तो कुठल्या ग्रंथालयात मिळणार नाही. जुन्या डीटीपीच्या दुकानात, बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या कपाटात, कुणा अक्षरजुळणी करणाऱ्याच्या घरी ठेवलेल्या सीडीवर किंवा फ्लॉपीवर तो असेल. सीडीचा थर उडायला लागला आहे आणि फ्लॉपी वाचणारं यंत्र आता शोधावं लागतं.